आईच्या पोटात टाचणी होती ते दिवस

आई घरात बसलेली दिसायची ती फक्त अंडी करताना. एरवी ती उभी असे, नाहीतर वाकलेली. बाबुजी सरकारी कचेरीत बाबू होते आणि आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, हीच आईची मोठी अडचण. खैरलांजीकडचा कोणी कोर्टाच्या तारखेला आला की आमच्याकडे उतरे. रामपायलीहून कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन असलं की पेशंट दवाखान्यात आणि सोबतचे चौघे आमच्या परछीत, म्हणजे पुढच्या ओसरीत. कॉलेजचा फॉर्म भरायला आलेली पोरं, पोरगी पाहायला निघालेले मामे-काके, गोंदियाची गाडी चुकलेले लोक, सगळे हक्कानं यायचे. बाबुजींना त्याचं सुख वाटे. दारात कोणाची पिशवी दिसली की तिथूनच ते आत आवाज देत, "चार ताटं जास्त लाव गं." आई "हौ" म्हणे आणि तांदळाच्या डब्यात पुन्हा हात घाली. घरात सकाळ-संध्याकाळ भात शिजतच असे. लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, कोणी जवळचं असलं तर तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते. आयते गरम गरमच खायचे असतात, त्यामुळे शेवटचा माणूस उठेपर्यंत आई चुलीपासून हलू शकत नसे. तिच्या वाट्याला येणारा आयता नेहमी गार आणि कडेनं करपलेला असायचा. तो तिला तसाच आवडतो, असं मी लग्न होईपर्यंत समजत होते.

अंड्यांचं काम मालतीबाईंनी आणलं. त्या विधवा होत्या, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. नागपूरच्या कोणा व्यापाऱ्याकडून त्या पोत्यात भरून पांढऱ्या फोमची अंडी आणत आणि गल्लीतल्या सात-आठ बायकांना वाटत. थर्माकोलसारखाच, पण जरा घट्ट फोम, अंडं बदकाच्या अंड्याहून मोठं. त्यावर रंगीत कापडाचे तुकडे बसवायचे, मधून रिबीन फिरवायची, वर टांगायला फासा करायचा. ही अंडी परदेशात जात. तिथे कुठल्या तरी सणाला लोक ती घरात टांगतात, एवढंच मालतीबाईंना माहीत होतं. कुठला सण, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्हीही नाही. परवा माझ्या नातीनं मोबाइलवर ईस्टरचे फोटो दाखवले. फुलदाणीत सुकी फांदी आणि तिला लटकलेली तसलीच अंडी. मी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहत राहिले. नात म्हणाली, "नानी, इसमें इतना क्या देख रही हो?" तिला मराठी समजतं, पण बोलायला लागली की हिंदीच येतं. माझंही सारं शिक्षण हिंदीतच झालं. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण आई यात जे बोलली ते दुसऱ्या भाषेत मला लिहिता येणार नाही.

आबाजी, म्हणजे बाबुजींचे वडील, माळकरी होते. अंडी घरात येणार म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस धुसफूस केली. आईनं एक अंडं त्यांच्या हातात दिलं, दाबून पाहा म्हणाली. त्यांनी दाबलं, वास घेतला आणि परत दिलं. "असंल फोमचं. पण अंडं ते अंडंच. देवघराकडे नोको आणू." म्हणून टोपली परछीत राहिली, आणि तिथून उठून स्वयंपाकघरात जायचं तर आईनं हातपाय धुवायचे असं ठरलं. मला वाटतं आईला हे सोयीचंच झालं असावं. हात धुवावे लागतात म्हटल्यावर तिला दर पाच मिनिटांनी आत बोलावणं जरा कमी झालं.

दुपारी भांडी झाली की ती परछीतल्या खांबाला टेकून पाय लांब करून बसे. एका बाजूला कापडाचे चौकोन, दुसऱ्या बाजूला टाचण्यांची डबी. आमच्याकडे टाचणीला आलपिन म्हणत. चौकोन मधोमध दुमडायचा, मग दोन्ही कोपरे खाली आणून त्याचं टोकदार पान करायचं, आणि ते पान अंड्याच्या टोकाशी टाचणीनं खोचायचं. चार पानं झाली की तारा दिसे. मग त्या ताऱ्याच्या खाली दुसरी ओळ, मग तिसरी, प्रत्येक पान वरच्या दोन पानांच्या बरोबर मध्ये. टाचणी फोममध्ये जाताना बारीक 'कर्र' असा आवाज होई. माझ्या दातांवर तो आवाज यायचा. आईला आवडायचा. एका अंड्याला शंभराच्या वर टाचण्या लागत आणि एकही वरून दिसता कामा नये. मी केलेल्या अंड्याची टोकं तिरपी जात. धाकटी बेबी रिबिनीचे फासे तेवढे करी. आईच्या हातचं अंडं मात्र पाहत राहावं असं असे. गर्द निळ्याखाली पिवळा, त्याच्याखाली विटकरी, असे रंग ती लावी की मालतीबाई विचारत, "हे तुम्हाला सुचतं कुठून?" आई हसून दुसरं काही बोलू लागे. त्या दोन तासांत तिचा चेहरा वेगळाच दिसायचा. कपाळावरची आठी जायची. ती कोणासाठी काही करते आहे असं वाटायचं नाही.

हात दोन्ही गुंतलेले, म्हणून टाचण्या ती ओठांत धरायची. पाच-सहा एकदम, डोकी बाहेर. गल्लीतल्या सगळ्याच बायका तसंच करत.

तो दिवस दिवाळीनंतरचा, थंडी नुकती पडू लागलेली. मी अकरावीला होते, अर्धवार्षिक परीक्षा जवळ आलेली, आणि परछीच्या पायरीवर गणिताची वही घेऊन बसले होते. आबाजी आतल्या खोलीत झोपले होते. जाग येताच त्यांनी हाक मारली, "चहा आण वं!" आई बेसावध होती. तिनं रोजच्यासारखं "हौ, आणते" म्हटलं, टाचण्या ओठांत असतानाच. मग ती एकदम थांबली. उरलेल्या टाचण्या हातावर थुंकल्या, मोजल्या, गळ्यावर हात ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आलपिन गेली वाटते."

"कुठे गेली?"

तिनं पोटाकडे बोट दाखवलं. मी वही टाकून उठले, तर म्हणाली, "ओरडू नोको. चाय होऊ दे पहिले." आणि तिनं खरंच हातपाय धुतले, आत जाऊन चहा ठेवला, आबाजींना नेऊन दिला, कप परत आणून विसळला. मी तिच्या मागे मागे फिरत होते. ती मधून मधून आवंढा गिळून पाहत होती. बाबुजी साडेपाचला सायकल टेकवत होते तेव्हा मीच त्यांना सांगितलं. ते सायकल तशीच सोडून आत धावले, सायकल पडली तिचाही आवाज त्यांना आला नाही.

दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून आम्हाला दाखवला. आईच्या फासळ्यांच्या खाली, धुक्यासारख्या करड्या रंगात, एक बारीक सरळ पांढरी रेघ. मला ती इतकी स्पष्ट दिसली की आजही डोळे मिटून काढून दाखवता येईल. डॉक्टर म्हातारे होते, शांत बोलणारे. "घबराने की बात नहीं. ज़्यादातर अपने आप निकल जाती है. केला खिलाओ, आलू खिलाओ. जुलाब बिलकुल मत देना. पेट में तेज़ दर्द हो या खून दिखे, तो फौरन लाना. और हफ्ते भर आराम. न झुकना, न वज़न उठाना. हफ्ते बाद फिर फोटो निकालेंगे."

बाबुजींना घाम फुटला होता. आईनं त्या सगळ्या वेळात एकच प्रश्न विचारला. "हप्ताभर?"

दुसऱ्या दिवसापासून आई खाटेवर आणि घर माझ्यावर. बाबुजी रोज केळ्यांची फणी आणत. आबाजी, ज्यांनी चहाची हाक मारली होती, ते तिच्या दाराशी येऊन उभे राहत आणि परत जात. एकदा मात्र म्हणाले, "मी हाक नसती मारली तर बरं झालं असतं." आई म्हणाली, "तुमचा काय दोष त्यात मामंजी." पाहुणे यायचे काही थांबले नाहीत. उलट बातमी गेली तशी पाहायला येणारे वाढले. पाहायला आलेला माणूस जेवून जाई. मी पाचला उठत होते. पाणी भरायचं, झाडायचं, भात, डाळ, भाकरी, बेबीची वेणी, आबाजींचं आंघोळीचं पाणी, बाबुजींचा डबा, मग शाळा. चार वाजता परत येऊन पुन्हा तेच. रात्री वही उघडली की आकडे एकमेकांवर चढत. तिसऱ्या दिवशी मी भाताचं पातेलं उतरवताना पेज पायावर सांडून घेतली आणि तशीच फडक्यानं पुसून पुढच्या कामाला लागले. रडायलाही सवड लागते, हे मला त्या आठवड्यात कळलं. पण आईच्या पोटात टाचणी आहे, ती आतून कुठे टोचेल सांगता येत नाही, ही भीती इतकी मोठी होती की तिच्यापुढे थकव्याचं नाव काढायची लाज वाटे.

आई मात्र झोपत होती. सकाळी झोपे, दुपारी झोपे. जाग आली की केळं खाई, भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपे. तिच्या गालांवर रंग आला. बाबुजींना त्याचीच काळजी वाटे. "अशी झोपते काहून? आत काही झालं तर नाही?" ते रात्री दोनदा-तीनदा उठून तिच्या नाकापाशी हात धरत. त्यांनी रामपायलीच्या रामाला नवस बोलला. मला एकटीला गाठून म्हणाले, "तुह्या आईले काही झालं तर मी काय करू, सुमन?" मोठ्या माणसानं मुलीला असा प्रश्न विचारू नये.

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले. आई न्हाणीघरात होती म्हणून तिची गादी झटकायला घेतली. उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं. निळ्या साटीनचा एक चौकोन घडी करून ठेवलेला होता, आणि त्यात टाचणी. काळपट पडलेली, स्वच्छ धुतलेली.

आई दारात आली तेव्हा मी ती हातात घेऊन उभी होते.

"ही कोणती?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

तिनं दार लोटून घेतलं. खाटेच्या कडेला बसली. "तेच ते. परवा निघाली. सकाळी."

"परवा? आणि तू सांगतलं नाहीस?"

"नाही."

"बाबुजी रात्रभर जागे राह्यतात. मी मरून राह्यली काम करून करून. माझी परीक्षा आहे. आणि तू—" माझा आवाज चढला. बेबी बाहेर होती म्हणून तो मी कसाबसा दाबला. "उठ ना मग आता!"

आई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत अपराधीपणा होता, पण ती उठली नाही. मग हळू म्हणाली, "तुले त्रास होऊन राह्यला, मले दिसते. तुह्या पायावर पेज सांडली तेही मी पाह्यलं. मी पडल्या पडल्या सगळं ऐकते. पण सुमन, लग्न होऊन आल्यापासून मी दुपारची आडवी झाली नाही. बाळंतपणात झाली तेवढीच. सांगतलं की सारे म्हणतील, चाल, निघाली ना, आता ऊठ. अजून तीन दिवस आहेत डॉक्टरचे." चादर सारखी करत म्हणाली, "तुले सांगायचं असंल तर सांग बाबुजीले. मी नाही म्हणणार नाही."

मी टाचणी तिच्या हातात दिली आणि बाहेर आले. तांब्याभर पाणी प्यायले. चुलीपुढे बसून राहिले. मला तिचा इतका राग आला होता की ती खरीच आजारी असती तर बरं, असं एक क्षण मनात येऊन गेलं. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे. संध्याकाळी बाबुजी आले, केळी खुंटीला अडकवली आणि नेहमीसारखं विचारलं, "काही समजलं का?" माझ्या तोंडाशी आलं होतं. पलीकडे आईची खाट कुरकुरली. मी म्हटलं, "नाही, अजून नाही." ते भिंतीला टेकून खाली बसले. मी पीठ मळायला घेतलं.

उरलेले तीन दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. भांडी आणि धूर आठवतो. एवढं आठवतं की मी तिला पुन्हा एक शब्द बोलले नाही, आणि ती झोपलेली असताना तिच्या अंगावरचं पांघरूण मात्र नीट केलं.

आठव्या दिवशी दुसरा फोटो काढला. पांढरी रेघ नव्हती. डॉक्टर म्हणाले, निकल गई, पता भी नहीं चला होगा. बाबुजी बाकावर बसले आणि चारचौघांत रडले. आई त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, मग पदर सारखा केला. मला वाटलं आता सांगेल. ती म्हणाली, "चला. आबाजी वाट पाहत असतील."

घरी येताच बाबुजींनी परछीतली टोपली उचलली. अर्धवट राहिलेली अंडी, कापडं, डबी, सगळं मालतीबाईंच्या पोत्यात भरलं. "आजपासून हे बंद. तुह्या जिवावर आलतं हे. मले हे घरात दिसलं नाही पाह्यजे." त्यांचा आवाज मायेनं जड झाला होता. खरंच मायेनं, त्यात शंका नाही. आबाजींनीही मान हलवली. घरात इतकी कामं होती, इतके लोक होते, पण आईच्या जिवावर उठलं होतं ते हे एकच, असं सर्वांचं एकमत झालं. आई चुलीपाशी पोहोचली होती. तिनं वळून पोत्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं असावं. बसून करायचं माझं एवढंच काम आहे, असं म्हणाली असती तर बाबुजींनी ऐकलं असतं, इतके ते त्या दिवशी मऊ झाले होते. मीही म्हणू शकत होते. पण मी दमले होते. घरातलं एक काम कमी झालं, आता माझ्यावर तेवढं ओझं कमी येईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आई म्हणाली, "हौ."

पोतं पोचवायला मीच गेले. मालतीबाई अंगणात दुसऱ्या बायकांचा माल तपासत होत्या. त्यांनी आईचा फोटो कसा आला विचारलं, बरं झालं म्हणाल्या, पोतं रिकामं करून अंडी मोजली. आईची पूर्ण झालेली अंडी बाकीच्यांच्या ढिगात टाकली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. कापसेबाई मागतच होत्या जास्तीचं काम, त्यांना देते." झालं. मी थोडा वेळ उभी राहिले. त्या पुढची टोपली तपासायला लागल्या होत्या.

घरी आले तर खैरलांजीचे दोघे येऊन बसले होते आणि आई आयत्याचं पीठ कालवत होती. आठ दिवसांच्या झोपेनं तिचा चेहरा भरलेला, तरणा दिसत होता. तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "देऊन आली?"

"हौ."

"काय म्हणाली ती?"

मी पायरीवर टेकले. माझी पावलं ठणकत होती. "म्हणाली, तुझ्या आईसारखा हात नागपूरलेही नाही कोणाचा."

आईचा पिठातला हात थांबला. "खरंच?"

"हौ. तुह्या निळ्याखाली पिवळ्याचं तर साऱ्या बायांले दाखवत होती. असं करा म्हणे."

"अजून?"

बाहेरून बाबुजींनी हाक मारली, किती वेळ आहे म्हणून. ती हातातलं पीठ तसंच ठेवून माझ्याकडे वळली होती, आणि पहिल्यांदाच तिनं त्या हाकेला ओ दिली नाही. मी सांगत गेले. म्हटलं, नागपूरचा व्यापारी स्वतः विचारत होता, ही अंडी कोणी केली. म्हटलं, मालतीबाईंनी ती वेगळी बांधून ठेवली. सुचेल ते सांगत राहिले, तिचं "अजून?" थांबेपर्यंत.